निमगडे मॅडमच्या सुरुवाती

निमगडे मॅडमनी आम्हांला कितीतरी सिनेमे दाखवले, पण एकही पूर्ण दाखवला नाही. नावं संपली, पडद्यावर पहिलं माणूस आलं, आता ते काहीतरी बोलणार असं वाटलं, की मॅडमचा हात टीव्हीच्या बटणावर गेलाच म्हणून समजा. पडदा काळा. वर्गातून "अवो मॅडम!" असा एकच गलका व्हायचा. मॅडम टीव्हीच्या कपाटाला पाठ टेकून उभ्या राहायच्या. चेहरा असा फुललेला, की सिनेमा त्यांनीच काढला असावा. मग विचारायच्या, "सांगा. आत शिरावंसं वाटलं का? वाटलं तर काहून वाटलं?"

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात त्या गृहअर्थशास्त्र शिकवायच्या. सिनेमाशी त्यांचा संबंध जुळला तो टीव्हीमुळे. कॉलेजातला एकुलता एक टीव्ही आहार आणि पोषणाच्या कॅसेटी दाखवायला म्हणून त्यांच्या विभागाला मिळाला होता. तो लाकडी कपाटात कुलूपबंद असायचा आणि किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. चित्रपट मंडळ काढायचं ठरलं तेव्हा प्राचार्यांनी फार डोकं चालवलं नाही, किल्ली ज्यांच्याकडे त्यांनाच प्रमुख करून टाकलं. स्टाफरूममध्ये थोडी थट्टा झाली. बाई आता जीवनसत्त्वं सोडून हिरोहिरॉइनीच्या मागे लागणार, वगैरे. मॅडमच्या कानावर ते गेलं असणारच. त्यांनी त्याच आठवड्यात मंडळाची पहिली सभा लावली.

बुटक्या होत्या, चालायच्या मात्र असं की आम्हांला मागे पळावं लागे. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि अंबाड्यात खोचलेला खडू. तो खडू त्या टेबलावर, खिडकीत, आमच्या हातांत सगळीकडे शोधायच्या. आम्ही सांगायचो नाही. वर्गात त्यांची भाषा पुस्तकातली असायची, स्वच्छ आणि कडक इस्त्रीची. पण एकदा का त्या रंगात आल्या की पांढरकवड्याची मुलगी बाहेर पडायची. 'मला'चं 'मले' झालं की आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसायचो, कारण आता तास संपल्याची घंटा झाली तरी त्यांना ऐकू येणार नसे.

हे सुरुवातींचं वेड कुठून आलं, ते त्यांनीच एकदा सांगितलं. त्यांच्या लहानपणी गावातल्या टॉकीजचा दारवान मोठा दिलदार होता. तिकीटवाली माणसं आत जाईपर्यंत तो दार उघडं ठेवायचा आणि गल्लीतल्या पोराटोरांना दाराशी उभं राहू द्यायचा. सगळी माणसं बसली की पडदा ओढायचा आणि पोरांना पिटाळायचा.

"म्हणजे मी पोट्टीपणी शंभरावर सिनेमे पाह्यले बरं," मॅडम म्हणाल्या, "पण शेवट एकाचाबी नाही. घरी जाऊन बाकीचा सिनेमा मीच करो. मायले सांगो, धुणं धूता धूता. माय म्हणे, कालच्यात तर तो मेला होता न वो, आज जिवंत कसा झाला?"

हे सांगताना त्या इतक्या हसल्या, की डोळे पुसायला पदर घ्यावा लागला. त्यांच्या मते दारातून दिसलेलंच खरं. आत बसलेल्या माणसानं पैसे दिलेले असतात, तो बसूनच राहतो. दारातल्या पोराला मात्र सिनेमानं धरून ठेवावं लागतं.

मग त्या दारात उभं राहूनच त्यांनी आम्हांला शिकवलं. काही सिनेमे आवाजानं सुरू होतात आणि चित्र नंतर येतं. काही आधी लांबून अख्खं गाव दाखवतात, मग एक घर, मग एक माणूस. काही भर धावपळीत सुरू होतात, कोण कुणामागे पळतंय ते मागाहून कळतं. काहींत कुणीतरी नुसतंच बोलत असतं, काहींत मरण आधीच दाखवून टाकतात. आम्ही एकेक ओळखायला लागलो आणि मग सुटलोच. घरी टीव्हीवर सिनेमा लागला की मी आईला ऐकवायची, "बघ, ह्यानं लांबून सुरुवात केली." आई म्हणायची, "तू जरा लांब जाऊन बस."

एकदा मॅडमनी आम्हांला लोहाऱ्याला नेलं, एका जिनिंगच्या फाटकाशी. आत कापूस येत होता, सरकी वेगळी होत होती. त्यांनी सांगितलं, डोळे मिटा. आम्ही भर दुपारी रस्त्याच्या कडेला डोळे मिटून ओळीनं उभे. ट्रकवाले वळून वळून बघत होते. यंत्रांची घरघर, हमालांच्या हाका, कुठेतरी चहाच्या कपांचा किणकिणाट. "आता उघडा," त्या म्हणाल्या, आणि उघडले तर सगळी हवा पांढरी होती, रुईचे तंतू उडत होते, आमच्या भुवयांवरसुद्धा बसले होते. मी तो रस्ता जन्मापासून बघत होते, पण त्या दिवशी तो मला पहिल्यांदा दिसला. "दिसलं का?" मॅडम ओरडल्या. "आधी कान, मंग डोळे!" आणि लगेच खडू शोधायला लागल्या, रस्त्यावर.

मंडळात आम्ही मूठभर होतो, पण कामाचे तिघेच. प्रफुल्ल, ज्याचा मामा लग्नाचं शूटिंग करायचा, म्हणून कॅमेरा त्याच्याकडे. वंदना, मारेगावकडच्या एका खेड्यातून आलेली, होस्टेलवर राहणारी, फार न बोलणारी. आणि मी, सगळ्यांच्या मागे पिशव्या धरून. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात लघुपट पाठवायचा ठरला, तेव्हा आम्हांला आकाश ठेंगणं झालं. विषय ठरायला वेळ लागला नाही. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचा विषय एकच होता, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, आणि तो आम्ही निवडला नाही तरी बाहेरचे लोक येऊन निवडतच होते. मोठमोठ्या गाड्या यायच्या, त्यांतून कॅमेरे उतरायचे, आणि आमच्या ओळखीची गावं आम्हांला टीव्हीवर दिसायची.

प्रफुल्लनं सुरुवात लिहून आणली. भेगा पडलेली जमीन. तिच्यावरून सरकणारी सावली. मग एक झाड, झाडाची फांदी, आणि एक बाई रडतेय. त्यानं ते वाचलंसुद्धा भारदस्त आवाजात. आम्हांला ते फारच आवडलं. टाळ्या वाजवल्या.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत. "भेगा कुठं सापडल्या तुले?" त्यांनी विचारलं. बाहेर तेव्हा दसऱ्याच्या आधीचे दिवस होते, कपाशीची पऱ्हाटी छातीला लागत होती.

"मामा म्हणते, तलावाच्या काठानं भेटतीन, मॅडम. नाहीतर उन्हाळ्यापर्यंत थांबू."

"हे सुरुवात आपण पाह्यली आहे न रे? टीव्हीवर?"

"हो न. म्हणूनच तर! लोकायले लगेच समजते."

मॅडम काही बोलणार होत्या, तेवढ्यात वंदना उठली. आम्ही तिला आधी कधी मध्येच उठताना पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "ते बाई म्हणजे माही आई आहे."

वंदनाचे बाबा आदल्या वर्षी गेले होते. कसे गेले, हे त्या वर्षांत आमच्याकडे कुणी विचारत नसे. त्यानंतर त्यांच्या घरी एक गाडी आली. आईला बाबांच्या फोटोपाशी बसवलं. ती रडली. मग ते म्हणाले, आवाज नीट आला नाही, पुन्हा एकदा. ती पुन्हा रडली. मग उजेड सरकला होता, म्हणून पुन्हा एकदा. कार्यक्रम टीव्हीवर आला तेव्हा तो तिच्यापासूनच सुरू झाला. गावातल्या लोकांनी पाहिला. तिनं पाहिला नाही. तेव्हापासून घरात कुणी 'पुन्हा एकदा' म्हटलं, अगदी भाजी वाढतानासुद्धा, तरी आई ताट सरकवून उठते, असं वंदना म्हणाली आणि खाली बसली. प्रफुल्लनं कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि तो खिशात कोंबला.

मला वाटलं, संपला आमचा सिनेमा. पण मॅडम खिडकीशी गेल्या आणि बाहेर बघत त्यांनी भलताच प्रश्न विचारला, "वंदना, तुमच्याकडे वेचणी कशी सुरू होते?"

"सीतादही करते न, मॅडम. पहिल्या वेचणीच्या दिवशी. वावरात जाऊन दहीभात वाहते, मंग पहिलं बोंड वेचते. मागच्या साली झालीच नाही आमची. यंदा आई म्हणते मीच करतो. काकी म्हणे, तू कशी करशीन, आता तुले चालत नाही. तर आई म्हणे, वावर मी नांगरलं, पेरलं मी, निंदलं मी, आणि चालत कसं नाही?"

मॅडम गर्रकन वळल्या. डोळे असे चमकत होते, की मला त्या टॉकीजच्या दारातली पोरगी स्पष्ट दिसली. "अरे, हेच! हे त सुरुवातच आहे न! मले दुसरं काही नको!" आणि मग लगेच आवाज उतरवून, "पण तिले विचारल्याबिगर नाही."

विचारायला त्या स्वतः गेल्या, मला आणि वंदनाला घेऊन. एसटीत त्यांचा आवडता खेळ चालू होता. फाट्यावर उभं असलेलं कुणीही दाखवायच्या आणि म्हणायच्या, याचा सिनेमा कुठून सुरू करशील? एक म्हातारा नवी कोरी छत्री उन्हात मिटून, काखेत धरून उभा होता. मी म्हटलं, छत्रीपासून. त्या इतक्या खूश झाल्या, की मला शेंगदाण्याची अख्खी पुडी देऊन टाकली.

वंदनाची आई अंगणात सरपण रचत होती. उंच, सावळी, आमच्याकडे बघायची घाई नसलेली बाई. मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. कोण, कुठल्या, कशाला आलो, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काढा. पण एक आहे. माही सीतादही एकच डाव होईन. तुमचं यंत्र बिघडो का उजेड जावो, मी पुन्हा करणार नाही."

"आम्ही म्हणणारच नाही, बाई," मॅडम म्हणाल्या. "माही जबान."

"मॅडम लोकायची जबान मी पाह्यली," ती म्हणाली, पण हसली. चहा टाकायला उठली.

परतताना मॅडम खिडकीशी बसून बाहेर बघत होत्या. खेळ नाही, काही नाही. पांढरकवड्याच्या गाडीनं आम्हांला मागे टाकलं तेव्हा म्हणाल्या, "पोरींनो, आता आपली सुरुवात तिच्या हातात आहे आणि माही जबान आपल्या हातात. सांभाळा."

तयारी अशी केली, की विचारू नका. कॉलेजच्या मैदानावर मॅडमनी वंदनाच्या आईचं काम केलं, मी पऱ्हाटी झाले. प्रफुल्लनं कुठे उभं राहायचं, कधी वळायचं, सगळं पाठ. टेप नवी, बॅटरी मामाकडची दुसरीसुद्धा घेतलेली. तो दिवस उजाडला तेव्हा आम्ही पहिल्या गाडीनं गावात पोचलो. वावरात कोवळं ऊन होतं, बोंडं उकलून कापूस बाहेर लोंबत होता. वंदनाच्या आईनं हिरवं लुगडं नेसलं होतं, कमरेला वेचणीची ओटी बांधली होती. मागे शेजारच्या दोनतीन बाया. ज्या काकीचा विरोध होता तीसुद्धा आली होती, मात्र वावराच्या बांधावर, धुऱ्यावरच, हाताची घडी घालून. प्रफुल्लनं कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घातला, बटण दाबलं, लाल दिवा लागला. माझं काळीज असं धडधडत होतं, की ते टेपवर येईल अशी मला भीती वाटली.

वंदनाच्या आईनं मातीची ढेकळं मांडली, हळदकुंकू वाहिलं. मग दहीभाताचा पितळी गंज दोन्ही हातांनी उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ मॅडमच्या हातांत दिला. "धरा वो, मॅडम." मॅडमच्या घरी पूजापाठ नव्हता. कपाटावर बुद्धाची लहानशी मूर्ती, बस. पण त्यांनी चपला केव्हा काढल्या ते आम्हांला कळलंही नाही. गंज धरून उभ्या राहिल्या, लहान मुलीसारख्या, ओठ घट्ट मिटून. वंदनाची आई मूठ मूठ दहीभात उधळत सीतामायशी बोलायला लागली, अगदी शेजारणीशी बोलावं तसं. "मागच्या साली आलो नाही, राग धरू नको माय. घरात कोणाचं मनच नव्हतं. यंदा आलो. दह्यावानी पांढरं पिकू दे." धुऱ्यावरची काकी उतरून खाली आली होती आणि तिनं डोक्यावर पदर घेतला होता.

मी रडत होते. वंदना रडत होती, पण हसतही होती. पहिलं बोंड वेचून ओटीत पडलं, बायांनी गलका केला, दहीभात सगळ्यांच्या हातांवर आला. आणि तेव्हा मॅडमनी प्रफुल्लकडे पाहिलं. तो डोळे मिटून, हात जोडून उभा होता. कॅमेरा गळ्यात लोंबत होता, तोंड मातीकडे करून.

त्याला वंदनाच्या आईनं सांगितलं होतं, "हात जोड रे पोट्ट्या." आणि आमच्याकडे मोठी बाई देवासमोर हात जोड म्हणाली, की हात जोडले जातात. त्यात विचार कुठला येतोय! इतक्या दिवसांची तालीम एका शब्दात गेली. गंमत म्हणजे त्यानं हात जोडले तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ते दिसलं नाही. मॅडमनाही नाही.

मग दिवसभर प्रफुल्लनं बाकीची वेचणी नीट टिपली आणि परतीच्या गाडीत कॅमेरा मांडीवर घट्ट धरून बसला. कॉलेजात आल्यावर कपाट उघडलं, कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं. "मॅडम, एक बोलू? वावर तिथंच आहे. पऱ्हाटीबी आहे. दही मी घेऊन येतो. काकूले फक्त एक डाव..."

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"पण सुरुवातच नाही न आपल्यापाशी! अख्खा सिनेमा आहे, सुरुवात नाही. तुम्हीच म्हणता न, सुरुवात नाही तं काहीच नाही!"

खरं तर ते माझ्याही मनात होतं. मॅडमच्याही असणार. त्यांच्याइतकी त्या सुरुवातीची ओढ आमच्यात कुणालाच नव्हती. उत्तर वंदनानं दिलं.

"मी म्हटलं तं आई करन," ती म्हणाली. "माह्यासाठी करन. नाही म्हणणार नाही. म्हणूनच विचारू नका."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लाव रे टेप. काय आहे ते तं पाहू."

पडद्यावर आधी प्रफुल्लच्या बुटांचं टोक आलं. मग सगळं कलंडलं. तिरकी काळी माती, पऱ्हाटीचे बुंधे, आणि वरून कुठूनतरी आवाज, "हात जोड रे पोट्ट्या." चित्र एकदा हललं आणि स्थिर झालं. मॅडमचा हात सवयीनं बटणाकडे गेला. मी बघत होते. तो हात तिथेच थांबला.

मातीत चार अनवाणी पावलं होती. दोन भेगाळलेली, जोडवी काढल्याच्या खुणा असलेली. दोन मॅडमची. "मागच्या साली आलो नाही, राग धरू नको माय." वरून पांढरा दहीभात पडत होता, काळ्या मातीवर, पावलांवर. एक शीत काचेवरच आलं आणि पडद्याचा कोपरा पांढरा झाला. मग पावलांची तिसरी जोडी धुऱ्यावरून उतरली, जरा थांबली आणि त्या चार पावलांच्या शेजारी येऊन उभी राहिली. काकी. मग एक हात खाली आला, अगदी जवळ, आणि त्यानं बोंडातला कापूस अलगद ओढून घेतला.

मॅडम टीव्हीपासून मागे सरकत सरकत वर्गाच्या दारापर्यंत गेल्या होत्या. चौकटीत उभ्या राहून त्यांनी विचारलं, "आत शिरावंसं वाटते का?"

"वाटते!" आम्ही ओरडलो. प्रफुल्ल सगळ्यांत मोठ्यानं. मॅडमनी टाळी वाजवली, मग दुसरी, मग थांबेचनात. एवढ्या उड्या मारल्या आम्ही, की खालच्या मजल्यावरून शिपाई विचारायला आला, काय पडलं?

महोत्सवात आम्हांला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी शेरा दिला, कॅमेरा अस्थिर. मॅडमनी तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे त्यायचं. हात जोडले होते न आमच्या कॅमेऱ्यानं." त्यांची नेमणूक तात्पुरती होती. पुढच्या वर्षी ती झाली नाही आणि त्या दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. किल्ली नव्या सरांकडे गेली. ते सिनेमे पूर्ण दाखवायचे. आम्हांला अर्ध्यात झोप यायची.

जाण्याआधी मात्र त्यांनी एक काम केलं. रविवारी सकाळी, विजेची लाईन असते त्या वेळेला, आम्ही तो सिनेमा वंदनाच्या गावी नेला. शाळेची खोली, खिडक्यांना सतरंज्या बांधलेल्या, टीव्ही गावातल्याच एका घरचा. बाया जमिनीवर दाटीवाटीनं बसल्या. वंदनाची आई पुढे बसायला तयार नव्हती. ती दाराशी उभी राहिली, एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून, केव्हाही निघून जाता येईल अशी.

माती आली. "हात जोड रे पोट्ट्या" ऐकून सगळी खोली हसली. मग हसू थांबलं. दहीभात पडायला लागला. मी पडद्याकडे बघतच नव्हते, मी दाराकडे बघत होते. मॅडमही तिकडेच बघत होत्या. बाहेरचा पाय आत आला. शेवटी तो हात आला, बोंडापाशी गेला, आणि दारातून आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मॅडम, पुन्हा एक डाव लावा न."

वंदनानं माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ उठले. मॅडम लगबगीनं पुढे गेल्या, बायांच्या मांड्या ओलांडत, "सरका वो, सरका," करत कॅमेऱ्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. त्यांना बटण सापडेना. अंबाड्यातला खडू निसटून जमिनीवर पडला, त्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. "लावतो बाई, लावतो," त्या म्हणत होत्या, "पाहिजे तितके डाव लावतो," आणि टेप मागे जात होती. मूठ मूठ दहीभात मातीवरून उठून वर चालला होता, परत वंदनाच्या आईच्या हातात.